सांतानच्या श्वासावर

“वेग आणखी कसा वाढवू, मास्तर?”

बस्त्याव मास्तर थोरल्या भावाला, सांतानला, चमच्यानं पेज भरवत होते. त्यांनी चमचा त्याच्या ओठांशी नेला, वाट पाहिली आणि तसाच वाटीत परत ठेवला.

ग्लेंडा दारातच उभी होती. आजवरची शिकवणी ओटीवर झालेली. आतली खोली ती आज पहिल्यांदा बघत होती. काखेत युकुलेले होतं, गिटारीच्या धाकट्या भावंडासारखं, चार तारांचं.

“रोज चार तास घासते मी,” ती म्हणाली. “एक सूर चुकत नाही. तरी स्पर्धेत परीक्षक म्हणाले, हात साफ आहे. बस्स. बक्षीस दुसरीला.”

मास्तरांनी सांतानचे ओठ पुसले.

“काही शिकवायचं राहिलं असेल तर सांगा. नाहीतर मी दुसरीकडे जाते.”

“बस,” ते म्हणाले. “वाजव.”

“इथं? यांच्यापुढे?”

“चाळीस वर्षं आम्ही दोघांनी वसईभरच्या लग्नांत वाजवलंय. सहा दिवस झाले, तो बोलत नाही.”

ती स्टुलावर बसली आणि स्पर्धेतली धून वाजवली. बोटं सरसर धावली. सांताननं डोळे उघडले नाहीत.

“आता त्याच्या श्वासावर वाजव,” मास्तर म्हणाले. “श्वास आत गेला की हात खाली. एकदाच.”

“कॉर्ड कुठला?”

“पहिल्या दिवशी शिकलीस तो.”

एका बोटानं एक तार दाबायची, चारही छेडायच्या. तिला हसू आलं. तिनं हात फिरवला.

“घाई,” मास्तर म्हणाले.

पुन्हा.

“घाई.”

“पण मास्तर, यांचा ताल सारखा नाहीये!”

“नाही ना…”

ती चिडली. मनातल्या मनात आकडे मोजू लागली. आकडे चुकत गेले. शेवटी मोजणं सोडून ती सांतानच्या छातीवरच्या गोधडीकडे बघत राहिली. गोधडी वर आली, हात खाली. तारा घुमल्या, विरल्या, पार विरेपर्यंत तिला ऐकू आल्या. असं तिनं कधी ऐकलं नव्हतं.

मास्तर आता ‘घाई’ म्हणत नव्हते.

गोधडी वर. हात खाली.

दोन श्वासांमधलं अंतर वाढत चाललं. मनगट दुखू लागलं, पण तिनं ते खाली टेकवलं नाही. सांतानचे ओठ किंचित हलले, कुणाला साथ द्यावी तसे.

मग एक लांब श्वास बाहेर पडला.

ग्लेंडानं हात उचलला…

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला लावली. विहिरीवरचा पंप बंद झाला.

गोधडी हलली नाही.

“मास्तर…” ती म्हणाली. “मास्तर, हे…”

मास्तरांनी पेजेची वाटी जमिनीवर ठेवली. भावाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

“हात वरच असू दे,” ते म्हणाले.