डोंगराखालचं तेल

फार जुनी गोष्ट आहे बरं का! समुद्रकाठी एक गाव होतं. तिथल्या कड्यावरच्या मोठ्या दिव्यात भुईतलं तेल जळायचं. धुकं पडलं की होड्या त्या दिव्याच्या आधारानं घरी यायच्या.

त्या वर्षी धुकं आठ दिवस हटेना. होड्या दूर समुद्रात अडकलेल्या, आणि दिव्याला तेल उरलेलं जेमतेम दोन दिवसांचं. भुई खणून तेल काढायचं काम गोंदाचं. त्याचे दोन्ही मुलगे त्या होड्यांत होते. बिचाऱ्याच्या जिवाला घोर लागला.

गोंदाच्या घराण्याची एक रीत होती. खणलेल्या भोकात दोरीला बांधून लाखेचा गोळा सोडायचा. गोळा नुसता मऊ होऊन आला, तर खाली तेल आहे, खुशाल खणा. पार वितळून गेला, तर खालच्या उष्णतेनं तेल फुटून त्याची हवा झाली, भोक बुजवा.

माळावर गोळा मऊ होऊन वर आला. गोंदानं हुरूपानं खणलं. बाहेर काय आलं? फुस्सकन हवा आणि काळीकुट्ट खपली! तेलाचा थेंब नाही.

"अरेच्चा! ताप कमी, तरी तेल फुटलं कसं?" गोंदा डोकं धरून बसला.

शेजारच्या बिळातून एक घूस बाहेर आली. म्हणाली, "गोंदादादा, डोंगराखाली जा की. तुझ्या वडिलांनी बुजवलेलं भोक उघड."

"खुळी का काय तू? तिथं तर गोळा पार वितळला होता!"

"वितळू दे. तेल फुटताना फुगतं, आणि फुगायला जागा लागते. माळावरच्या भुसभुशीत मातीनं ती दिली. डोंगर एवढा भार घालून बसलाय, तो कुठली द्यायला?"

गोंदाला काही उमजेना. जास्त ताप, वर एवढं ओझं, आणि तेल म्हणे शाबूत! वडिलांची रीत मोडायला मन धजेना. नवी जागा शोधायला वेळ नव्हता. तो डोंगरापर्यंत जायचा आणि परत फिरायचा. शेवटी मुलांचे चेहरे डोळ्यांपुढे आले, तेव्हा त्यानं पहार उचलली.

दुसऱ्या दिवशी दिवा फडफडायला लागला, आणि तेवढ्यात डोंगराखालून तेल उसळलं. काळंभोर, दाट, जसंच्या तसं! गोंदानं ते धावत नेऊन दिव्यात ओतलं, तशी ज्योत पुन्हा भडकली.

संध्याकाळी होड्या एकामागून एक काठाला लागल्या. मुलांना पोटाशी धरून गोंदा ढसाढसा रडला.

सगळी हकीकत ऐकून धाकट्यानं विचारलं, "बाबा, एवढ्या तापात तेल टिकलं कसं?"

"मला अजून धड कळलेलं नाही बघ," गोंदा म्हणाला. "पण नुसता गोळा बघून आपण आजवर तेलानं भरलेली किती भोकं बुजवली असतील, कोण जाणे!"

तात्पर्य: कोणाला किती ताप आहे एवढंच पाहून तो फुटला असं ठरवू नये, त्याच्यावरचा भारही पाहावा, कधी कधी तोच त्याला सांभाळून असतो.