खऱ्यासारखे तळे

फार पूर्वी एका सरदाराने बागेत दगडांचा डोंगर रचून त्याच्या पायथ्याशी तळे केले. पाणी मागच्या खऱ्या डोंगरातल्या झऱ्याचे येई.

तळ्याला खऱ्यासारखे दिसायचे होते. "माळीदादा, काठाला अजून शेवाळलेले दगड आणा की!" माळी झऱ्याच्या तोंडाशी रुतलेले दगड उपटून आणी.

"बाळा, त्या दगडांनी तिथली माती धरलीय," तळ्यातले म्हातारे कासव म्हणाले.

"तुम्हीही काठावर बसा, आजोबा. दगडच दिसाल!" तळे हसले.

पावसाळ्यात माती घसरली आणि झरा बुजला. उन्हाळ्यात तळ्याचा तळ भेगाळला.

"दादा, दगड परत न्या, झरा मोकळा करा," तळे विनवू लागले. माळ्याने पहार उचलली, तेवढ्यात सरदार आले.

"वा! उन्हाळ्यातले डोंगरी तळे हुबेहूब असेच असते. काहीच हलवू नकोस."

"जी सरकार," माळी म्हणाला.