सेवेचा ताम्रपट

बाळांनो, आणि ऐकत नसल्याचे सोंग करून शेजारी बसलेल्या मोठ्या माणसांनो, ही फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा जनावरे बोलत असत आणि राजे ऐकत असत.

डोंगरांच्या कुशीत एक राज्य होते. राज्याच्या एका टोकाला राजवाडा, दुसऱ्या टोकाला विद्यापीठ आणि मधे दिवसभराच्या वाटेचे घनदाट रान. राजा विद्येचा भोक्ता होता. त्याने एक शिष्यवृत्ती सुरू केली. दरवर्षी राज्यातून तीन मुले निवडायची, एक चिकाटीसाठी, एक नेतृत्वासाठी आणि एक सेवेसाठी. दरबारात त्यांचा सत्कार करायचा, प्रत्येकाच्या गळ्यात गुणवर्णनाचा ताम्रपट घालायचा आणि बारा वर्षे शिकायला त्यांना विद्यापीठात धाडायचे.

राजाने एवढेच सांगितले होते. पुढचे नियम दफ्तराने केले.

राजाचे पणजोबा कधीतरी भाषणाच्या भरात म्हणाले होते, "विद्यार्थ्याने मागे वळून पाहू नये." भाषण संपले, टाळ्या झाल्या, पणजोबा यथावकाश वारले, पण वाक्य दफ्तरात राहिले. त्यावरून नियम झाला की विद्यापीठ येईपर्यंत मागे वळून पाहणार नाही, अशी तिघांनीही निघताना शपथ घ्यायची. जो पाहील त्याची शिष्यवृत्ती रद्द. चालायचा क्रमही ठरला. पुढे नेतृत्व, मधे चिकाटी, शेवटी सेवा. सेवा शेवटी का, असे कोणी विचारले नाही. ती नेहमी शेवटीच असते.

या शिष्यवृत्तीच्या बाराव्या वर्षी सेवेसाठी एका कुंभाराच्या मुलीची निवड झाली.

आदल्या वर्षी तिच्या गावात तापाची साथ आली होती. ज्यांना चालता येत होते ते रानातल्या मचाणांवर राहायला गेले. ज्यांना उठता येत नव्हते ते नऊ घरांत मागे राहिले. मुलीची आई त्यांतच होती, म्हणून मुलगीही राहिली. औषध ठाऊक असलेले कोणीच नव्हते. घरात मडकी तेवढी होती. ती सकाळ-संध्याकाळ पाणी भरी आणि दारोदार नेई.

पण मुलगी भित्री होती. आत कोणी मरून पडले असेल तर, या विचाराने तिचे पाय उंबरठ्यावर थिजत. म्हणून ती आधी बाहेरून हाक मारी, "आहात ना?"

आतून "आहे" असे उत्तर आले की मगच आत जाई.

शेवटच्या घरात एक म्हातारा कोष्टी होता. एका संध्याकाळी त्याने तिची ओढत येणारी पावले ऐकली. पलीकडच्या घरातल्या आजारी माणसाला तो भिंतीतून म्हणाला, "पोर फार दमलीये. आज मी ओ देत नाही. जाऊ दे तिला घरी." मुलीने हाक मारली. उत्तर आले नाही. ती घाबरून परतली. सकाळी म्हातारा गेला होता. त्याचे ओठ तहानेने उलले होते. शेजारी वाचला आणि त्याने हे सगळे तिला सांगितले.

मुलगी त्या म्हाताऱ्यावर अजून रागावलेली होती. ज्याच्यासाठी रडू येते त्याच्यावर रागवावे तसे. औषधे शिकायची हे तिने तेव्हाच ठरवले. ते शिकायला राज्यात एकच जागा होती, आणि तिथे पोहोचायला एकच वाट.

दरबारातल्या कारकुनाने तिच्या ताम्रपटाचा मजकूर वाचून दाखवला, "निर्भयपणे रुग्णांची शुश्रूषा केली."

मुलगी म्हणाली, "निर्भयपणे नाही, साहेब. मला फार भीती वाटत होती. म्हणून तर मी हाका मारत होते."

"वा!" कारकून म्हणाला आणि त्याने पुढे 'विनयशील' असा शब्द वाढवला.

गळ्यात दोरी बांधायला दफ्तराचा म्हातारा शिपाई आला. गाठ मारता मारता तो तिच्या कानाशी म्हणाला, "पोरी, मुले पोहोचली की विद्यापीठातून पोच येते. अकरा वर्षं बघतोय मी. तिघे जातात, पोच दोघांची येते."

मुलीने विचारले, "आणि तिसरा?"

"सेवेचा ताम्रपट एकदाही पोचलेला नाही. दफ्तरात लिहून ठेवतात, 'घरच्या ओढीने परत गेला.' घरचे समजतात मूल विद्यापीठात आहे, विद्यापीठ समजतं घरी आहे. बारा वर्षं कोणी कोणाची वाट बघत नाही."

"तुम्ही कुणाला सांगितलं नाही, बाबा?"

"वर कळवलं होतं. वरून उत्तर आलं, 'नोंद घेतली.'" शिपायाने गाठ घट्ट केली. "एक मात्र सांगतो. अकराही जण स्वभावाने फार गरीब. कधी कुणाला त्रास म्हणून द्यायचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी सूर्य वर येताच तिघे निघाले. पुढे सरदाराचा मुलगा होता. वडिलांच्या पागेतल्या वीस मोतद्दारांना तो लहानपणापासून हुकूम सोडत असे. तेच नेतृत्व. मधे तेल्याचा मुलगा होता. तो प्रवेशपरीक्षेला सात वेळा बसून सात वेळा नापास झाला होता आणि आठव्यांदा पास झाला होता. चिकाटी आपण घाण्याच्या बैलाकडून शिकलो, असे तो सांगे. शेवटी कुंभाराची मुलगी.

थोड्याच वेळात ते रानात शिरले आणि धुके उतरले. असे तसे नाही, मुलीला स्वतःची पावले दिसेनात. पुढच्या दोघांच्या ताम्रपटांची किणकिण तेवढी ऐकू येत होती. ती भ्याली. भ्याली की तिला एकच गोष्ट सुचत असे.

"आहात ना?"

"आहे!" तेल्याचा मुलगा म्हणाला.

"आहे, आहे," सरदाराचा मुलगा खेकसला. "हे काय लावलंय पोरखेळासारखं? गुमान चाला."

वाट अरुंद झाली. पाखरे बोलायची थांबली. मुलीने बरेच अंतर कळ काढली आणि मग तिच्याने राहवेना.

"आहात ना?"

"आहे," तेल्याचा मुलगा म्हणाला.

"आहे," सरदाराचा मुलगा म्हणाला.

"आहे," तिच्या पाठीमागून कोणीतरी म्हणाले.

मुलीच्या मानेवर कोणाचा तरी ऊन श्वास आला. त्याला कुजक्या हाडांचा वास होता.

"अभिनंदन," मागचा आवाज म्हणाला. "सेवा ना? तुझा ताम्रपट मी पाठीमागूनही ओळखतो. मागे बघू नकोस हं. शपथ घेतली आहेस."

"कोण आहे?" मुलीचे ओठ नुसतेच हलले.

"तरस. या रानात मी फार वर्षे आहे. आधी ससे-घोरपडींवर भागवायचो. मग तुमच्या राजाने ही योजना काढली. भला माणूस. दरवर्षी एक जण शेवटी चालतो आणि पुढचे दोघे मागे बघत नाहीत. मला त्यात काहीच करावे लागत नाही."

मुलीचे पाय चालत होते, कारण थांबायची त्यांना भीती वाटत होती.

"पुढे एक वाकण आहे," तरस म्हणाले. "मोठा खडक आहे. ते दोघे त्यापलीकडे गेले की तू अलीकडे राहायचे. ओरडावेसे वाटेल, पण विचार कर. तू ओरडलीस तर ते मागे वळतील. वळले की त्यांचे शिक्षण बुडाले. तो मधला बिचारा आठ वेळा परीक्षेला बसलाय. तुझ्या आधीच्या अकरांनी हाच विचार केला. फार गुणी मुले. शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही." ते हसले. तरसाचे हसणे माणसासारखे असते, म्हणून जास्त वाईट. "सेवाभावी माणसे खायला फार सोपी."

खडक आला. धुक्यात एखादे घर उभे असावे तसा काळा. आधी एक किणकिण त्याच्या पलीकडे गेली, मग दुसरी जाऊ लागली. मुलीच्या मनात खरोखर आले की गप्प राहावे. आठ वेळा परीक्षा, त्या मुलाच्या आईने आठ वेळा ओवाळले असेल. आपल्यापायी त्याचे नुकसान कशाला?

आणि तिला उललेले ओठ आठवले. पोर फार दमलीये, आज मी ओ देत नाही. तिला त्या म्हाताऱ्याचा असा राग आला, की तो आत मावेना.

"थांबा!" ती ओरडली. "माझ्या मागे तरस आहे! मला भीती वाटतेय! मागे बघा!"

पुढच्या दोन्ही किणकिणी थांबल्या.

"वळू नकोस रे!" सरदाराचा मुलगा पुढून ओरडला. "शपथ आहे! भित्री आहे ती, सकाळपासून बघतोय!"

"आहे ना भित्री," तेल्याचा मुलगा म्हणाला. "म्हणून तर खरं बोलत असेल. सात वेळा नापास झालोय मी. आणखी एकदा होईन."

तो वळला, खडकाला वळसा घालून आला आणि त्याने पाहिले. तरस वासराएवढे होते. त्याचा जबडा मुलीच्या पाठीशी उघडाच होता. मुलाने किंकाळी फोडली, पण मुलीचा हात धरून तिला आपल्याकडे ओढले. तरसाचे दात मिटले ते तिच्या पाठीवर नाहीत. गर्रकन फिरताना तिचा ताम्रपट आडवा आला होता, त्यावर मिटले. करकर आवाज झाला.

तरसाने दातांवरून जीभ फिरवली. दोघे एकमेकांना घट्ट धरून त्याच्याकडे बघत उभे होते.

"असू दे," ते म्हणाले. "मला फक्त शेवटचा कोण ते पाहायचे असते." आणि ते बाजूच्या धुक्यात गेले.

त्याचा अर्थ मुलीला आधी कळला. सरदाराचा मुलगा एकटाच पुढे निघाला होता. एकटा चालणारा पहिलाही असतो आणि शेवटचाही.

"आहात ना?" ती ओरडली.

उत्तर नाही.

"सरदार, आहात ना?"

बऱ्याच वेळाने, वीस मोतद्दारांनी कधी ऐकला नसेल अशा आवाजात, उत्तर आले. "आहे. पण माझ्यामागे कोणीतरी चालतंय. बघू का?"

"बघा! आणि बोलत राहा!"

दोघे हाकेच्या रोखाने धावले. ती विचारी, "आहात ना?" आणि तो सांगे, "आहे, आहे, या लवकर." तो सापडला तेव्हा एका झाडाला पाठ लावून उभा होता, डोळे गच्च मिटलेले. वळून बघायची परवानगी मिळाली होती, हिंमत नव्हती. त्यांनी त्याचे हात धरले. मग तिघे पाठीला पाठ लावून निघाले, कोणी पुढे तोंड करून, कोणी मागे, खेकड्यासारखे तिरके. ताम्रपट ते एकमेकांवर बडवत होते. त्या ताम्रपटांचा तेवढा उपयोग आजवर कोणाला झाला नव्हता. तरस आजूबाजूला फिरत राहिले. पण तिघांत शेवटचा कोण, हे त्याला काही केल्या ठरवता येईना.

उन्हे कलली तेव्हा विद्यापीठ आले. आचार्य दारात उभे होते. आत जेवणाची पाने मांडलेली होती.

दोनच.

"तिसरं पान?" मुलीने विचारले.

आचार्य म्हणाले, "दरवर्षी दोघेच येतात, म्हणून..." ते आत गेले आणि पान घेऊन आले. घाईत ते वाकडे मांडले गेले.

नियम मोडल्याबद्दल दरबाराने खुलासा मागवला. तिघांनी लिहिले, "मागे पाहिले म्हणून पोहोचलो," आणि ताम्रपट परत पाठवले. दफ्तराने ते जमा करून घेतले असते, पण म्हाताऱ्या शिपायाने मुलीचा ताम्रपट वर कळवायच्या भानगडीत न पडता सरळ राजाच्या हातात दिला. 'निर्भयपणे' आणि 'विनयशील' या शब्दांच्या मधोमध दातांच्या खुणा होत्या. त्या खुणांचा तेवढाच मजकूर त्या वर्षी आधीच्या कागदावरून उतरवलेला नव्हता. राजाने तो वाचला.

त्याने रान शोधायला लावले तेव्हा खडकामागे अकरा ताम्रपट सापडले. राजा ते घेऊन अकरा घरी स्वतः पायी गेला. प्रत्येक दारात लोक आनंदाने बाहेर येत, त्यांना वाटे मूल शिकून आले. त्यानंतर राजाने भाषण म्हणून केले नाही.

क्रम बंद झाला, शपथही बंद झाली. कुंभाराची मुलगी बारा वर्षांनी वैद्य होऊन त्याच रानातून परत गेली. ती शेवटपर्यंत भित्रीच राहिली आणि दारोदार हाक मारून मगच आत शिरे. त्या रानातून जाणारे लोक अजूनही एकमेकांना विचारतात, "आहात ना?" आणि उत्तर मोजून घेतात. तरस मात्र तिथे दिसत नाही. ते दुसऱ्या राज्यात गेले म्हणतात. तिथे सत्कार जास्त होतात.

तात्पर्य : सेवा करणाऱ्याच्या गळ्यात मान घालून त्याला शेवटी एकटे चालवू नये, आणि त्याची हाक आली तर शपथ मोडूनही मागे वळून पाहावे.