मोहतळ्याची गाठवाली बाई

वैनगंगेवर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा मोहतळ्याला यायचं तर डोंग्यात बसावं लागे, आणि मोहतळ्याहून जायचं तर आधी नदीची मर्जी बघावी लागे. गाव कोष्ट्यांचं. घराघरात माग, आणि ओसरी-ओसरीवर बाया मांडीवर रेशमाच्या कोशाचा धागा काढत बसलेल्या. त्या गावात एक डाक्टरीन यायची. नाव तिचं अनसूया देवतळे. पण त्या नावानं तिला कोणी ओळखत नाही. मोहतळ्यात लेकराला विचारा, म्हातारीला विचारा, ते सांगतील, गाठवाली बाई.

असं म्हणतात की तिच्या बोटांना डोळे होते. लुगड्याची घडी घालून आत मोहरीचा दाणा लपवला, तरी ती वरून हात फिरवून दाणा कुठं आहे ते सांगायची. असंही म्हणतात की ती ओसरीवरून गेली की गुंतलेला धागा आपोआप सुटायचा. खरं-खोटं देव जाणे. पण ती गावात का आली, ते मात्र सगळ्यांना ठाऊक आहे.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात ती कर्करोगाची डॉक्टर होती. एकदा तिच्याकडे मोहतळ्याची चंद्रभागा आली. थानात गाठ झाली होती, गाठ फुटून जखम झाली होती, आणि रोग हाडापर्यंत पोचला होता. डाक्टरीनबाईनं स्वतःच्या हातानं जखम धुतली आणि विचारलं, "बाई, इतके दिवस कोणाला सांगितलं नाही?"

चंद्रभागा म्हणाली, "कोणाले सांगू व बाई? नवऱ्याले सांगाची लाज. सासऱ्यासमोर तं ते नाव तोंडातून निघत नाई. आणि दुखत नव्हतं ना. दुखत नाई त्याले काय दाखवाचं?"

चंद्रभागा वाचली नाही. वेदना कमी करणं आणि हात धरून बसणं, एवढंच तिच्यासाठी करता आलं. ती गेली त्या दिवशी डाक्टरीनबाई जेवली नाही. दुसऱ्या दिवशी ती आपल्या वरच्या डॉक्टरांना म्हणाली, "मी इथं खुर्चीवर बसून राहिले तर या बाया मला नेहमी उशिराच भेटणार. मीच आधी जाते." आणि तिनं डोंगा गाठला.

पहिल्यांदा ती शाळेच्या पडवीत येऊन बसली. खोकलेवाले आले, तापवाले आले, पायात काटा मोडलेले आले. ज्यासाठी ती आली होती त्यासाठी कोणीच आलं नाही. उलट गावात कुजबुज सुरू झाली. "ते बाई गाठीचं नाव घेते. नाव घेतलं का गाठ येते." कोणी तिच्या सावलीतून लेकरू ओढून घेई. गाठवाली बाई हे नाव तेव्हा पडलं, आणि तेव्हा ती शिवी होती. डाक्टरीनबाईनं ते ऐकलं आणि म्हणाली, "चला, निदान गाठ हा शब्द तरी गावाच्या तोंडी बसला."

मग तिनं पडवी सोडली आणि ओसऱ्यांवर जाऊन बसू लागली. बाया धागा काढत. तिनं पाहिलं की त्यांची नजर रस्त्यावर असते, गप्पा शेजारणीशी चालतात, पण धाग्यात बारीकशी गुठळी आली की बोटं तिथंच थांबतात. एके दिवशी ती म्हणाली, "एवढी हुशार बोटं आहेत तुमची. महिन्यातून एकदा, पाळी सरली की, हीच बोटं स्वतःच्या थानावरून फिरवा. सपाट ठेवून, गोल गोल, काखेपर्यंत. काही नवं लागलं, कातडी आत ओढल्यासारखी दिसली, बोंडातून रक्त किंवा पाणी आलं, तर मला सांगा. दुखत नसलं तरी सांगा. दुखत नाही तीच गाठ आधी दाखवा. बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण साधी कुठली आणि वाईट कुठली, हे तपासल्याशिवाय मलासुद्धा कळत नाही."

डाक्टरीन भर ओसरीवर थान म्हणाली, म्हणून बाया तोंडाला पदर लावून हसल्या. एक मात्र हसली नाही. ती भागरता, पराते यांची सून. तिची बोटं धाग्यावर थांबली होती, आणि धाग्यात तर गुठळी नव्हती.

सगळ्या पांगल्यावर भागरता डाक्टरीनबाईच्या मागं मागं तळ्यावर गेली. म्हणाली, "माह्या डाव्या बाजूले चिचोक्याएवढं काई लागते. होळीपासून हाय." डाक्टरीनबाईनं तपासलं. मग तिच्यासमोर दगडावर बसून म्हणाली, "भागरता, मी तुला खोटं सांगणार नाही. मला ही गाठ बरी वाटत नाही. शहरात नेऊन नक्की करावं लागेल. पण गाठ लहान आहे. लहान असताना पकडली की कितीतरी बाया घरी परत येतात."

पण भागरतेची सासू, ठकूबाई, दारात आडवी उभी राहिली. "माही सून नाई जात. चंद्रभागा गेली ना शहरात? परत आली का? सुरी लागली का रोग पसरते, साऱ्याइले मालूम हाय."

भागरतेचा नवरा मागावर मान खाली घालून बसला होता. डाक्टरीनबाई ठकूबाईवर चिडली नाही. ती उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "माय, चंद्रभागेला सुरी लागलीच नाही. सुरी लावायची वेळ टळून गेली होती. मी तिथं होते. तिचा हात माझ्या हातात होता."

ठकूबाईनं दाराच्या चौकटीवरचा हात काढला. चंद्रभागा तिची बालमैत्रीण. तिनं विचारलं, "माही सून परत आणून देशील? शप्पथ घे."

"शपथ नाही घेणार, माय. ते माझ्या हातात नाही. पण जे होईल ते मी तुम्हाला खरं सांगेन, आणि तिला एकटी सोडणार नाही. माझ्यावर भरवसा नसेल तर तुम्हीच चला सोबत. तुमच्या डोळ्यांनी बघा."

ठकूबाईनं जन्मात नदी ओलांडली नव्हती. तिनं सुनेकडे पाहिलं आणि म्हणाली, "लुगडं बदलून येतो. थांब."

त्या दिवसांत श्रावण लागला होता आणि वैनगंगा दोन्ही काठ सोडून वाहत होती. डोंगेवाला म्हणाला, "बाई, आज नाई. आज नदी ऐकाची नाई कोणाचं." इथं मोहतळ्याची माणसं आवाज खाली आणतात. असं म्हणतात की डाक्टरीनबाई गुडघाभर पाण्यात उतरली, तिनं पाण्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तूही बाईच आहेस. आज उशीर करू नकोस." आणि पाणी उतरू लागलं. मधलं वाळूचं बेट उघडं पडलं, झाडाची वाहून आलेली खोडं बाजूला सरली, आणि डोंगा कापसासारखा पलीकडं गेला. काही म्हणतात, वरच्या अंगाला पाऊस थांबला होता म्हणून पाणी उतरलं. डोंगेवाल्याचे नातू अजून सांगतात की त्यांचा आजा वल्हं वर धरून बसला होता, डोंगा त्यानं हाकलाच नव्हता.

शहरात तपासणी झाली. गाठ कर्करोगाचीच निघाली. दवाखान्यातले मोठे डॉक्टर भागरतेच्या खाटेभोवती उभे राहून आपसात इंग्रजीत बोलू लागले. मग एकानं मोहतळ्याहून आलेल्या पुरुषांपैकी कोणीतरी बाहेर या, असं सांगितलं. पुरुष कोणी आलाच नव्हता. डाक्टरीनबाई पुढं झाली. म्हणाली, "सर, तिलाच सांगा. गाठ तिची आहे. आणि मराठीत सांगा." मोठे डॉक्टर जरा घुटमळले. मग स्टूल ओढून खाली बसले आणि भागरतेला सगळं सांगितलं. काय कापावं लागेल, काय वाचवता येईल, औषधाचं सलाईन किती महिने, किरणांचा शेक कधी, केस जातील, केस परत येतील. भागरतेनं मधे मधे विचारलं. शेवटी म्हणाली, "करा."

तो काळ सोपा नव्हता. भागरतेचे केस गेले, तोंडाला चव राहिली नाही, आणि एका दुपारी ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "मले गावाले घेऊन चला. माही बाजू सपाट झाली, माह्यात काय राहिलं आता?" ठकूबाई तिच्या टकल्या डोक्यावरून तेलाचा हात फिरवत म्हणाली, "माह्या घरात तुह्या दोन हातावर माग चालते व पोरी. माह्या नातवाची माय राहिली. आणखी काय पाह्यजे?" त्या दोघी सासू-सुना त्याआधी एकमेकींशी एवढं बोलल्याच नव्हत्या.

चैत्रात भागरता गावी परतली. डोक्यावर कोंबडीच्या पिलासारखे केस उगवले होते. सगळं गाव बघायला आलं, पण दूर उभं राहून. तिच्या हातचं पाणी कोणी घेईना. रोग लागला तर? तेव्हा ठकूबाईनं भर अंगणात सुनेच्या तोंडचा उष्टा गडवा घेतला आणि घटाघट पिऊन रिकामा केला. म्हणाली, "आठ महिने हिच्यासंग एका ताटात जेवलो. मेलो का मी?" मग शेजारची म्हातारी पुढं आली, मग तिची सून.

भीती थोडी ओसरली, पण लाज काही केल्या जाईना. भागरतेचा भाऊ झिबल हेडाऊ हा पंचक्रोशीत नावाजलेला कलावंत होता. दंडारीत, त्या नाच-गाण्याच्या खेळात, तो बाईचं काम करायचा. लुगडं नेसून, अंबाडा घालून झिबल उभा राहिला की खऱ्या बायासुद्धा त्याची चाल बघत राहायच्या. तो डाक्टरीनबाईला म्हणाला, "बाई, तुम्ही बोलता ते बाया ओसरीवर आयकते. पण घरचा माणूस 'जा' म्हणत नाई तोवर त्या नदी कशा ओलांडतीन? माणसाइले कोण सांगन?"

"तूच सांग की," डाक्टरीनबाई म्हणाली.

दिवाळी झाली आणि मंडईची जत्रा भरली. पंधरा गावांची माणसं जमली. भर दुपारी दंडार उभी राहिली. झिबल लुगडं नेसून आला आणि लोक खूश झाले. तो गाऊ लागला, नाचू लागला, आणि नाचता नाचता एकदम थांबला. त्यानं आपला डावा हात डोक्यामागं नेला आणि उजव्या हाताची बोटं सपाट करून छातीवर गोल फिरवू लागला. पुरुष खिदळले. कोणी शिट्टी मारली. झिबल हसला नाही. बोटं काखेपर्यंत नेली. एका जागी थांबवली. त्याचा चेहरा असा काही उतरला की शिट्टी वाजवणाऱ्याचा हात तोंडापाशीच राहिला. मग झिबल बाईच्या आवाजात म्हणाला, "धनी, माह्या थानात गाठ लागते."

झिबलनं अंबाडा काढला, कपाळाचं कुंकू पुसलं, आणि आपल्या आवाजात विचारलं, "भाऊ हो, आता काय म्हणान तिले? लाज नाई वाटत, म्हणान? का गाडी जुपान?" आणि त्यानं बायांच्या बाजूला बोट केलं. "ते पाहा माही बहीण. ते बोलली म्हणून बसली हाय तिथं."

भागरता उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिनं मागं टाकला आणि आखूड केस सगळ्यांना दिसू दिले. असं म्हणतात की त्या वेळी मंडईतल्या सगळ्या बैलांच्या घुंगरमाळा एकदम वाजल्या, वारा नसताना.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पडवीपासून पिंपळापर्यंत बायांची रांग लागली, आणि त्यांच्यासोबत पुरुष आले होते. बहुतेकींच्या गाठी साध्या निघाल्या, त्या हसत घरी गेल्या. काहींना नदी ओलांडावी लागली. काही उशिरा आल्या होत्या, त्यांच्या उशाशी डाक्टरीनबाई शेवटपर्यंत बसली. दवाखान्याशी भांडून तिनं नदीपलीकडच्या बायांसाठी आणि त्यांच्यासोबत आलेल्यांसाठी राहायची खोली मिळवली. गाठवाली बाई ही शिवी कधी मानाची झाली, ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

ती म्हातारी झाली तरी येत राहिली. मग एका साली आली नाही. तिनं शहरात देह ठेवला, असं कळलं. पण मोहतळ्यात असं म्हणतात की त्या संध्याकाळी एक पांढऱ्या लुगड्यातली बाई रिकाम्या डोंग्यातून उतरली, प्रत्येक ओसरीवर क्षणभर थांबली आणि रानाच्या वाटेनं निघून गेली. सकाळी गावातल्या एकाही मागावर धागा तुटलेला नव्हता.

आता नदीवर पूल आहे आणि गावातून एसटी जाते. भाऊबीजेला मोहतळ्याची बहीण भावाला ओवाळायला ताट हातात घेते, तेव्हा भाऊ आधी विचारतो, "बाई, हात फिरवला?" लाजरा असेल तर खाली बघून विचारतो, दूर नोकरीला असेल तर फोनवर विचारतो, पण विचारतो. बहीण म्हणाली, "फिरवला, काई नाई," तर ओवाळणं होतं. ती घुटमळली तर भाऊ पाटावरून उठतो आणि तिची पिशवी भरायला लागतो.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली एसटी सुटते, तेव्हा पुढची दोन सीटं रिकामी ठेवतात. एक जाणारीसाठी, एक तिच्यासोबत जाणाऱ्यासाठी. ड्रायव्हर नवा असला तरी त्याला कोणीतरी सांगतं. ज्या साली कोणी बाई चढते, त्या साली सगळं गाव थांब्यावर येतं, आणि बस सुटताना म्हाताऱ्या ओरडतात, "लवकर निघाली व माय, लवकर येजो!"

आणि ज्या साली ती दोन सीटं रिकामीच जातात, त्या साली गाडी पूल ओलांडून दिसेनाशी होईपर्यंत मोहतळ्याची माणसं थांब्यावर उभी राहून टाळ्या वाजवतात.