न बिघडणारं पाणी

"सर, माझं पाणी बिघडत का नाही?"

मैथिली गोतमारेनं चपला काढायच्या आधीच प्रश्न टाकला. खरं तर तिला उत्तर नको होतं. होकार हवा होता, आणि तो मिळवायला ती मे महिन्याच्या भर दुपारी नागपूरच्या उन्हातून स्कूटर दामटत आली होती.

वझलवार सर झोपाळ्यावर बसून कैरीचं पन्हं पीत होते. प्राध्यापकीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण पाण्याच्या प्रवाहापाशी कुणाचं घोडं अडलं की तो अजून याच घराची पायरी चढे.

"बस आधी," सर म्हणाले. "घामानं निथळून राहिली."

ती बसली, पण खुर्चीच्या कडेला.

मैथिलीची पीएचडी नळीतल्या पाण्यावर होती. नळीतून पाणी सावकाश सोडलं तर ते सरळ वाहतं. वेग वाढवला की कधीतरी विस्कटतं आणि भोवरेच भोवरे होतात. हे विस्कटणं नेमकं सुरू कसं होतं, ते पाहायला तिनं कॉम्प्युटरमध्ये एक नळी बांधली होती. खरं पाणी नाही, नुसते आकडे. पण ते इतके काटेकोर, की परिषदेत माइक हातात आल्यावर ती बोलून बसली होती, एवढा अचूक प्रोग्राम देशात दुसरा नसेल.

आणि त्या अचूक नळीतलं पाणी काही केल्या विस्कटेना.

"वेग वाढवून पाहिला?"

"दुप्पट केला. दहापट केला. ढिम्म, सर. काचेच्या कांडीसारखं सरळ जातं."

"छान."

"छान काय, सर? सोमवारी समितीपुढे उभं राहायचंय. ते म्हणतील, आमच्या घरच्या नळाला पाणी विस्कटतं, तुमच्या नळीत नाही. म्हणजे तुमची नळीच खोटी."

नळी खोटी ठरली, तर तीन वर्षं मातीत जाणार होती.

"म्हणून मी ठरवलंय, जुना प्रोग्राम दाखवते. तो ओबडधोबड आहे, पण त्यात पाणी आपोआप बिघडतं. देखणे भोवरे येतात. नवा टाकून देते. फक्त तुम्ही हो म्हणा."

पन्ह्याचा पेला खाली ठेवून सर उठले आणि त्यांनी कूलर बंद केला. मग पंखा. मग एकेक करून खिडक्या लावल्या.

मे महिन्यात, नागपुरात, दुपारी कूलर बंद करणाऱ्या माणसाबद्दल जे मनात यावं, तेच मैथिलीच्या मनात आलं.

सर झोपाळ्यावर परतले. मांडी घालून बसले. कड्या थोड्या करकरल्या, मग थांबल्या. झोपाळाही थांबला.

...

"सर, काय करताय?"

"झोके घेऊन राहिलो."

"झोपाळा तर थांबलाय."

"वाट पाहून राहिलो. होईल सुरू."

...

खोली तापत चालली. सरांचा सदरा पाठीला चिकटला, पण डोळे मिटलेले आणि चेहरा अगदी निवांत. सर म्हातारे झाले, असं वाटून मैथिलीला वाईट वाटलं. पुढच्याच क्षणी तिला त्यांचा राग आला. इथे आपलं आयुष्य टांगणीला लागलंय, आणि यांना खेळ सुचतोय.

"रेटा दिल्याशिवाय झोपाळा कसा हलेल, सर?"

"काऊन नाही हलणार? सकाळी हलत होता ना. आपोआप."

"सकाळी कूलर चालू असेल. त्याच्या वाऱ्यानं..."

ती थांबली.

...

"तुझ्या जुन्या प्रोग्रामात," सर डोळे न उघडता म्हणाले, "कूलर कोण चालवत होतं?"

मैथिलीनं ओठ चावला. जुना प्रोग्राम प्रत्येक आकड्याची दशांश चिन्हापुढची लांब शेपटी छाटून टाकायचा. छाटलेला तुकडा इतका बारीक, की तिनं त्याची कधी दखल घेतली नव्हती. पण असे असंख्य तुकडे साचत होते आणि पाण्याला आतून डिवचत होते. ते देखणे भोवरे पाण्याच्या स्वभावातून आलेच नव्हते. तिच्या ढिसाळ हिशेबातून आले होते.

"मीच," ती म्हणाली. "नकळत. कुठे डिवचलं, किती डिवचलं, काही सांगता येणार नाही."

"आणि नव्यात?"

"नव्यात कुणीच नाही. नव्यात वाराच नाही, सर."

"घरच्या नळाला आहे. तोटी गंजलेली असते, मोटर थरथरते, रस्त्यानं ट्रक जातो."

...

"म्हणजे मी स्वतः बिघडवायचं?" तिला ते पटेना. "तीन वर्षं खोट काढत बसले. आता माझ्या हातानं खोट घालू?"

सरांनी एक डोळा उघडला.

"दुसऱ्या कोणाच्या हातानं घालशील?"

तिनं लॅपटॉप काढला. संस्थेच्या सुपरकॉम्प्युटरशी जोडला. उत्तर लवकर यावं म्हणून आखूडशी नळी घेतली आणि सरळ वाहणाऱ्या पाण्यात एका जागी बारीकशी थरथर घातली. फक्त तेवढीच.

थरथर थोडी पुढे गेली आणि विरली. पाणी पुन्हा सरळ.

तिनं ती वाढवली. तीही विरली.

"मुरवून टाकतंय, सर," ती हिरमुसून म्हणाली.

सरांनी करंगळीनं भिंत ढकलली. झोपाळा जेमतेम हलला आणि जागच्या जागी थांबला. सर मात्र तिच्याकडेच पाहत होते.

मैथिलीनं थरथर आणखी वाढवली. पडद्यावर ती पुढे सरकली, फिकी होत गेली. हीही गेली, असं मैथिली म्हणणार, तेवढ्यात थरथरीनं उचल खाल्ली. पाण्यात एक वळी उठली. तिनं दुसरीला उठवलं, दुसरीनं चौघींना. बघता बघता नळीचा तेवढा तुकडा भोवऱ्यांनी भरून गेला. पुढचं पाणी सरळ, मागचं पाणी सरळ, आणि मधे हा धिंगाणा.



मग मैथिलीला स्वस्थ बसवेना. रेटा किंचित कमी केला, पाणी सावरलं. किंचित वाढवला, पाणी उसळलं. पुन्हा कमी, पुन्हा जास्त. घाम हनुवटीवरून कीबोर्डवर ठिबकत होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. उन्हं कलली तेव्हा मधली रेषा तिच्या समोर होती. या बाजूला रेटा पडला तर पाणी स्वतःला सावरून घेतं, त्या बाजूला पडला तर नाही. तोच रेटा तिनं मुद्दाम परत दिला. तोच भोवरा, त्याच जागी.

जुन्या प्रोग्रामात ही रेषा तिला जन्मात सापडली नसती. तिथे तिच्या आधीच कोणकोण डिवचून गेलेलं असायचं.

तिला इतका आनंद झाला, की आधी हसू आलं आणि मग रडू.

"सापडली, सर. पाणी कुठे बिघडायचं ठरवतं, ती जागा सापडली."

सरांनी पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांचेही डोळे भरून आले होते, पण ते घामावर खपून गेलं.

"आता कूलर लावू?" तिनं विचारलं.

"लाव बाप्पा. जीव जायची वेळ आली."

तिनं कूलर लावला, खिडक्या उघडल्या. मग परत येऊन जुना प्रोग्राम पुसून टाकला. सोमवारची तिला आता घाई झाली होती. समितीतला एकेक चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला, आणि त्यांच्या तोंडचा पहिला प्रश्नही.

"पण ते विचारतीलच, सर. तुमचं पाणी आपोआप का बिघडत नाही?"

सरांनी मांडी सोडली. एक पाय जमिनीला टेकवला आणि असा रेटा दिला, की चारी कड्या करकरल्या आणि झोपाळा पार खिडकीपर्यंत गेला.

"सांग त्यांना," ते झोक्यावरूनच म्हणाले, "बिघडवायला मी होते ना."