घुमणाऱ्या देवळातला निरोप

आपल्या पणजोबांच्याही पणजोबांनी ऐकलेली ही गोष्ट आहे, इतकी जुनी.

एका खाडीच्या काठी एक गाव होतं. गावात भात पिकवणारे होते, मासे धरणारे होते, आणि सगळ्यांचं मिळून एक लहानसं देऊळ होतं, येशूचं. भिंती कुडाच्या, वर पेंढ्याचं छप्पर. पावसात ते गळायचं. पण आत कुणी हळू बोललं तरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायचं.

मग गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं दगड वाहिले आणि नवं देऊळ उभं केलं. उंच, दगडी, आतून चुन्याचा गुळगुळीत गिलावा. दुपारच्या उन्हात भिंती दुधासारख्या दिसत.

तिथले धर्मगुरू होते फादर इनास. माणूस मनाने वाईट नव्हता. आजाऱ्याच्या उशाशी बसायचा, भुकेल्यापुढे आपलं ताट सरकवायचा. पण त्यांचा आवाज भारदस्त होता, आणि तो आपला आपल्यालाच फार आवडतो, ही गोष्ट त्यांनी स्वतःपासूनही लपवून ठेवली होती.

नव्या देवळात पहिल्या रविवारी ते उपदेशाच्या उंच कठड्यावर चढले आणि बोलू लागले. शब्द समोरच्या भिंतीवर आपटला, छताला गेला, तिथून परत फिरला. तो विरायच्या आत दुसरा शब्द त्याच्यावर येऊन पडला. बाकांवर बसलेल्यांना नुसता गडगडाट ऐकू आला. फादरांना मात्र आपण काय बोलतोय ते ठाऊकच होतं. त्यांना वाटलं, आज आपल्या तोंडून स्वर्ग बोलतोय.

देवळात गाणी सांगणारे एक वृद्ध गृहस्थ होते, बावतीसबाबा. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर ते अंगणात फादरांजवळ आले.

"फादर, देऊळ फार घुमतं. शब्दांचा काला होतो. मागे काहीच कळत नाही. भिंतींना काहीतरी जाड, मऊ लावून बघूया का?"

भोवती लोक उभे होते. फादर हसले.

"बावतीसबाबा, देऊळ घुमत नाही, तुमचे कान थकलेत. देवाच्या भिंतींना आता काय गोधड्या पांघरवायच्या?"

लोकही हसले. बावतीसबाबांनी मान खाली घातली आणि ते घरी गेले. त्या दिवसानंतर कुणी तक्रार केली नाही. फादरांचा उंचावलेला हात खाली आला, की उपदेश संपला असं समजायचं आणि 'आमेन' म्हणायचं, हे गावाला सवयीने जमू लागलं.

एका शनिवारी खाडीपलीकडचा एक नावाडी फादरांकडे आला. त्या खाडीतून ओहोटीच्या वेळी लोक पलीकडच्या बाजाराला पायी जात. नावाडी म्हणाला, "फादर, पाण्याने खालची रेती पोखरलीय. वरून घट्ट दिसते, पण पाय ठेवला की माणूस रुततो. उद्या सगळं गाव मिस्साला येईल, तेव्हा सांगा. मला ओहोटीने नाव अडकायच्या आधी परतायचंय."

फादरांनी सांगितलंही. रविवारी, उंच कठड्यावरून, हात उंचावून. नुसतं 'खाडीतून जाऊ नका' म्हणणं त्यांना फारच साधं वाटलं. म्हणून त्यांनी पायाखालच्या फसव्या भूमीवर लांबलचक उपदेश केला आणि निरोप त्यात गुंफला. हात खाली आला. गाव म्हणालं, "आमेन."

सोमवारी ओहोटी लागल्यावर गावातला भाजी पिकवणारा पास्कू डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन खाडीत उतरला. अर्ध्या वाटेवर तो गुडघ्यापर्यंत रुतला, मग कमरेपर्यंत. काठावरून लोक दोर घेऊन धावले. दोर पोचेना. आणि भरती कुणासाठी थांबत नाही.

फादर धावत काठावर आले तेव्हा पाणी वर चढून शांत झालं होतं. त्यांच्या तोंडून गेलं, "मी काल सांगितलं होतं. सगळ्यांसमोर सांगितलं होतं."

पास्कूचा भाऊ चिखलाने माखलेला उभा होता. त्याने हात जोडले. "चूक आमचीच, फादर. आमचं लक्ष नसेल."

फादरांनी मान डोलावली. तेव्हा त्यांना ते खरंच वाटलं.

पुढच्या ओहोटीला पास्कूचा देह सापडला. त्याला पुरायच्या दिवशी देऊळ भरलं होतं. फादर पुन्हा कठड्यावर चढले, पुन्हा भिंती गरजल्या. माती लोटून लोक पांगले. पास्कूची बायको इसाबेल मात्र तिथेच थांबली. डोक्यावरचा पदर सारखा करत ती जवळ आली.

"फादर, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार, पोरी."

"आज तुम्ही माझ्या माणसाबद्दल काय बोललात, ते मला सांगाल का? चांगलंच बोलला असाल. पण मला कळलं नाही. उद्या पोरीने विचारलं, तर काय सांगू?"

फादरांनी बोलायला तोंड उघडलं. आपला उपदेश त्यांनी आठवून पाहिला. त्यात अनंताचा सागर होता, काळाची लाट होती, आकाशाची दारं होती. पास्कूचं नाव एकदा आलं होतं. तो कसा होता, याविषयी त्यात एक अक्षर नव्हतं.

इसाबेल वाट बघत उभी होती.

"तू पहिल्या बाकावर होतीस," फादर कसंबसं म्हणाले.

"होते. आवाज येत होता. शब्द येत नव्हते."

"आणि रविवारी? खाडीचं मी सांगितलं, तेव्हा?"

तिने मान वर केली. "खाडीचं काय सांगितलं होतं?"

फादरांनी सांगितलं. ती म्हणाली, "आम्ही दोघंही 'आमेन' म्हणालो होतो, फादर. कशाला म्हणतोय, ते ठाऊक नव्हतं."

ती ओरडली असती, तिने शाप दिला असता, तर फादरांना सोसणं सोपं गेलं असतं. ती नुसती वळली आणि चालू लागली. ज्या भावाने काठावर हात जोडून माफी मागितली होती, त्याचा चिखलाने भरलेला चेहरा फादरांच्या डोळ्यांपुढे आला. ती माफी आपण स्वीकारली होती. त्यांना भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

ते तसेच बावतीसबाबांच्या दारात गेले. बाबांनी बसायला पाट दिला. फादर बसले नाहीत.

"बाबा, तुम्ही सांगितलं होतं. मी तुमचं हसं केलं."

बावतीसबाबा खाली बघत म्हणाले, "तुम्ही एकटेच नाही, फादर. मी एकदा सांगितलं, मला लागलं, मी रुसून गप्प बसलो. पुन्हा सांगायला हवं होतं. घरात घुसून सांगायला हवं होतं. माझा मान मला पास्कूपेक्षा मोठा वाटला."

दोघंही एकमेकांच्या डोळ्यांत बघू शकले नाहीत.

पुढच्या रविवारी फादर कठड्यावर चढले नाहीत. त्यांनी बावतीसबाबांना वर उभं करून शुभवर्तमान वाचायला लावलं आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसले. कानांवर गडगडाट आला. एकही शब्द त्यांना उचलता आला नाही, तोही जन्मभर वाचलेल्या पुस्तकातला. शेजारचे लोक सवयीने "आमेन" म्हणाले.

फादर उठले, बाकांच्या मधे येऊन उभे राहिले आणि हळू, एकेक शब्द सुटा करून बोलले. आपण कुणाला हसलो, काठावर काय म्हणालो, कुणाची माफी घेतली, सगळं सांगितलं. पास्कूच्या भावापुढे त्यांनी गुडघे टेकले. भावाने त्यांना उठवलं नाही. तो तोंड फिरवून रडत राहिला. आणि गावालाही मान वर करवेना, कारण न कळलेल्या गोष्टीला होकार तर सगळ्यांनीच दिला होता.

मग काम सुरू झालं. आधी भिंतींना चटया टांगल्या, पण त्या पातळ होत्या, आवाज तसाच परत येई. तेव्हा बायांनी गोणपाटाच्या जाड गाद्या शिवल्या, त्यांत भाताचा पेंढा दाबून भरला आणि त्या मागच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत लावल्या. छताखाली बांबूचे तट्टे बांधले. फादर टाळी वाजवत, बावतीसबाबा मागे बसून ऐकत, मान हलवत, आणखी गाद्या लागत. उंच कठडा सुतारांनी काढला. फादर आता जमिनीवर, लोकांच्या जवळ उभे राहून बोलू लागले. आवाज लहान झाला. शब्द मात्र ठिकाणावर पोचू लागला.

सणाला बिशप आले. दुधासारख्या भिंतींवरचं गोणपाट बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "इतक्या सुंदर देवळाची ही कळा कुणी केली?"

गरिबीवर, गावाच्या अडाणीपणावर, कशावरही ढकलता आलं असतं. गाव श्वास रोखून बसलं होतं.

"मी केली," फादर म्हणाले. "इथे माझा आवाज फार सुंदर घुमायचा. त्यापायी आमच्या गावचा एक माणूस बुडाला. पास्कू त्याचं नाव. तो भाजी पिकवायचा, आणि बाजारातून परतताना शेजारच्या म्हाताऱ्यांसाठी न सांगता मीठ आणायचा."

ते शेवटच्या बाकापर्यंत स्पष्ट ऐकू गेलं. इसाबेलने पोरीला जवळ ओढलं. बिशपांच्या कपाळावरची आठी गेली.

फादर इनास त्या गावात म्हातारे झाले. पास्कू परत आला नाही, आणि फादरांच्या मनातली लाज गेली नाही. त्यांनी ती घालवायचा प्रयत्नही केला नाही. गावाला काही निरोप द्यायचा असला, की ते तो साध्या शब्दांत सांगत, मग मागे बसलेल्या कुणाला तरी विचारत, "काय ऐकलंत, सांगा बघू." उत्तर चुकलं, तर ते न रागावता पहिल्यापासून सांगत.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: आपला आवाज किती घुमला ते मोजू नये, ऐकणाऱ्याला काय कळलं ते विचारावं.