आंधळ्या ओढ्याची डहाळी

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक शिंपी राहायचा, केरबा त्याचं नाव. हात इतका सफाईदार, की त्याने घातलेली शिवण शोधावी लागे. पण स्वभाव असा संशयी, की विचारू नका! कापड हातात आलं की आधी उलटं करून बघायचा, आणि माणूस समोर आला तरी तेच. भाजीवालीने एक वांगं वर टाकलं की म्हणे, "किडकं दिसतंय, म्हणून देतेस ना?" बायकोने पानात जास्तीचा भात वाढला की म्हणे, "आज काय मागायचंय?" आता अशा माणसाला मित्र किती असणार? एकच होता, शेजारचा गुणाजी तांबट.

दोघांना नाद एकच, गळाचा. त्या डोंगरातून थंडगार पाण्याचे तीन ओढे उतरत, आणि त्यांत अंगावर तांबडे ठिपके असलेला एक मासा असे. गाव त्याला ठिपक्या म्हणे. हा ठिपक्या मोठा चोखंदळ. गांडुळाकडे, कणकेच्या गोळीकडे ढुंकून बघत नसे. त्याला हवी पाण्यावर बसलेली माशी. मग कोंबड्याचं पीस रेशमी दोऱ्याने गळावर बांधायचं, हुबेहूब माशी करायची, आणि लांब काठीने ती अलगद पाण्यावर ठेवायची. जमलं तर मासा, नाहीतर ओले पाय घेऊन घरी.

या ओढ्यांचा एक रिवाज होता. ज्याला ओढ्यावर गळ टाकायचा, त्याने ओढ्याच्या तोंडाशी एक हिरवी डहाळी दगडाखाली दाबून ठेवायची. ती दिसली की दुसऱ्या कुणी त्या पाण्यात पाय घालायचा नाही, कारण एकदा बिचकलेला ठिपक्या दिवसभर खडकाखालून बाहेर येत नसे. दुसऱ्याच्या डहाळीला गावातला चोरसुद्धा हात लावत नसे, एवढा तो रिवाज पक्का.

एके दिवशी सकाळी केरबा एका सदऱ्याला बाही जोडत बसला होता. आत त्याची लेक सुंदरा भिंतीला टेकून बसली होती. पोरीला दिवस गेलेले, पहिलीच खेप, म्हणून माहेरी आणलेली. पण पोटात अन्नाचा कण ठरेना. भात नको, भाकरी नको, दुधाचा वास नको. आई रडकुंडीला आली होती आणि केरबाचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

तेवढ्यात सुंदरा हळूच म्हणाली, "बाबा, ओढ्यातला ठिपक्या खावासा वाटतोय."

केरबा ताडकन उठला. सदरा एका बाहीचाच राहिला. त्या गावात अशी रीत होती, की लेकीच्या पहिल्या डोहाळ्याचा घास बापाने स्वतःच्या हाताने आणायचा. "आत्ता आणतो, पोरी. चूल तेवढी पेटती ठेवा," असं म्हणून त्याने काठी-टोपली उचलली आणि तसाच गुणाजीच्या दारात गेला.

"गुणाजी, ओढ्यावर येतोस? सहज हुक्की आली," केरबा म्हणाला. डोहाळ्याचं त्याने सांगितलं नाही. कशाला सांगा? उगाच उपकार केल्यासारखं करील.

गुणाजी हंड्यावर ठोके घालत होता. त्याने हातोडी लगेच खाली ठेवली. "चल की! हंडा काय पळून जातोय?"

झालं! केरबाच्या मनात पाल चुकचुकली. हा इतक्या पटकन कसा तयार झाला? आणि त्याच्या धोतराचा काठ ओला कसा? सकाळी सकाळी हा कुठे जाऊन आला? विचारायला काही तोंडाला कुलूप नव्हतं. पण संशयी माणसाची गंमतच ही, की तो सगळं बघतो आणि विचारत काहीच नाही.

वाटेत गुणाजीने कनवटीला गुंडाळलेली एक पिसाची माशी काढून दिली. काळ्या पिसाची, पोटाशी तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. "आज हीच लाव," तो म्हणाला. केरबाने ती उलटी केली, सुलटी केली, दोरा ओढून पाहिला. स्वतःला सोडून मला का देतोय? नक्की हिला मासा लागत नसणार. त्याने ती मुंडाशात खोचली आणि आपलीच तांबडी माशी दोऱ्याला बांधली.

पहिला लागला कातळओढा. तोंडाशी डहाळी दाबून दोघे आत शिरले. "तू खालच्या डोहावर बस, मी वर जातो," गुणाजी म्हणाला. "नको, वर मी जातो," केरबा घाईने म्हणाला. "बरं बाबा, तू जा." गुणाजी इतक्या सहज कबूल झाला, की केरबाला लगेच वाटलं, आपण फसलो, खालचाच डोह चांगला असणार! वर त्याला काही मिळालं नाही. थोड्या वेळाने खाली आला, तर गुणाजीच्या हातात चांगला वीतभर ठिपक्या तडफडत होता, आणि केरबाच्या डोळ्यांदेखत त्याने तो परत पाण्यात सोडला.

"अरे, अरे! सोडलास का?"

"पोटात अंडी होती तिच्या. आज असली मासळी घ्यायची नाही," गुणाजी म्हणाला आणि काठी पुसू लागला.

आज म्हणजे काय? माशाला काय वार असतो? केरबाने मनातल्या मनात गाठ मारली, की या माणसाला मला मासा मिळू द्यायचा नाही. जाताना गुणाजीने आठवणीने आपली डहाळी काढून घेतली आणि दोघे पुढे निघाले.

दुसरा ओढा करवंदीचा. तिथे म्हशी मनसोक्त डुंबत होत्या आणि पाणी नुसतं ताकासारखं झालं होतं. "इथे काही राम नाही," गुणाजी म्हणाला, पण त्याला वाईट वाटल्याचं केरबाला काही दिसलं नाही. उलट तो जरा खुशीतच होता. ऊन चढत चाललं होतं. केरबाच्या डोळ्यांपुढे भिंतीला टेकलेली लेक येत होती आणि टोपली अजून रिकामीच होती.

"तू इथे सावलीत टेक जरा," गुणाजी म्हणाला. "मी पुढचा ओढा बघून येतो. हाक मारीन तेव्हा ये."

हाक मारीन तेव्हा ये! केरबाला आता राहवेना. गुणाजी वळणाआड झाला तसा तोही दबक्या पावलांनी मागून निघाला.

तिसरा तो आंधळा ओढा. दोन्ही काठांवर झाडांची इतकी दाटी, की बाहेरून पाणी दिसायचं नाही, म्हणून ते नाव. त्याच्या तोंडाशी केरबा पोचला आणि जागच्या जागी थबकला. दगडाखाली जांभळाची डहाळी होती. पानं कोमेजलेली, म्हणजे पहाटेची खोचलेली. आणि देठाला तांब्याची तार! तांब्याची तार त्या गावात दुसरं कोण वापरणार?

केरबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे हा सगळा डाव होता तर! पहाटेच येऊन हा ओढा अडवून ठेवलान् स्वतःसाठी. मला दोन ओढे हिंडवून दमवलं, आणि आता एकटा मासे मारतोय. माझी पोर तिकडे उपाशी, आणि हा असा दोस्त!"

त्याने इकडे तिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग त्याने दगड बाजूला केला, डहाळी उपटली आणि भिरकावून दिली पाण्यात. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने दुसऱ्याच्या डहाळीला हात लावला होता. पण राग मोठा होता. आता याला रंगेहाथ पकडायचाच, असं ठरवून तो झाडांआडून वर सरकला.

वर मोठा डोह होता. गुणाजी काठच्या खडकावर पालथा पडला होता. पण काठी? काठी मागे झाडाला टेकवलेली होती! तो नुसता बघत होता. आणि डोहात काय नजारा होता! हातभर लांबीचे मासे वर येत, पाण्यावरच्या काळ्या माश्या गटकन गिळत आणि खाली जात. काळ्या माश्या, बरं का, तांबड्या नव्हेत. केरबाचा हात आपोआप मुंडाशातल्या त्या पिसाच्या माशीकडे गेला.

तेवढ्यात गुणाजी सावकाश मागे सरकला, उभा राहिला आणि खालच्या बाजूला तोंड करून हाक मारणार, तोच खालून खळबळ ऐकू आली. कुंभार आपली गाढवं घेऊन ओढ्यातूनच वर येत होता. डोहाच्या काठची चिकणमाती मडक्यांना चांगली, ती न्यायला. गाढवं खुशाल पाणी तुडवत डोहात शिरली. गाळ वर आला. हातभर लांबीचे ते मासे दिसेनासे झाले, आणि डोह करवंदीच्या ओढ्यासारखाच गढूळ झाला.

"अरे, काय केलंस हे?" गुणाजी ओरडला. "तोंडाशी माझी डहाळी दिसली नाही का?"

"कसली डहाळी?" कुंभार बिचारा गोंधळला. "देवाशपथ सांगतो, दादा, डहाळी नव्हती. असती तर मी पाण्यात पाय तरी टाकला असता का?"

गुणाजी मटकन खडकावर बसला. मग त्याला झाडाआड उभा असलेला केरबा दिसला. "केरबा, घात झाला रे! सुंदराला ठिपक्या हवासा वाटतोय, हे तिने काल आमच्या हिच्या कानात सांगितलं. तुला सांगायला लाजत होती पोर. म्हणून मी पहाटे सगळे ओढे पालथे घातले. इथे मासा वर येतोय, काळी माशी खातोय, हे बघितलं आणि तुझ्यासाठी डहाळी खोचून ठेवली. घास तुझ्या हातचा हवा ना! ऊन डोहावर आलं की मासा पुन्हा वर येतो, तोवर वेळ काढायला तुला दोन ओढे फिरवलं; आत्ता हाक मारणारच होतो. माझाच दगड हलका पडला असणार."

केरबा झाडाआडून पुढे आला. गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण मित्र स्वतःच्या दगडाला दोष देतोय, हे त्याला बघवेना.

"दगड हलका नव्हता, गुणाजी," तो म्हणाला. "डहाळी मी उपटली."

गुणाजीने त्याच्याकडे पाठ फिरवली.

"मग मला सरळ सांगितलं का नाहीस?" केरबाने रडवेल्या आवाजात विचारलं.

"सांगितलं असतं तर तू इकडे पाऊल टाकलं असतंस? तुला हो म्हटलं तरी संशय, नाही म्हटलं तरी संशय!" गुणाजी उठला आणि काठी खांद्यावर टाकून एकटाच गावाकडे निघून गेला.

केरबा रिकामी टोपली घेऊन घरी आला. चूल पेटती होती. सुंदराने टोपलीत डोकावून पाहिलं आणि पुन्हा भिंतीला टेकली. त्या रात्री घरात कुणालाच जेवण गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी केरबा एकटाच आंधळ्या ओढ्यावर गेला. तोंडाशी डहाळी खोचली, गुणाजीची काळी माशी बांधली आणि पाण्यावर ठेवली. पहिल्याच खेपेला हातभर ठिपक्या लागला! धावत घरी आणला, बायकोने तळला, ताट लेकीपुढे ठेवलं. पण सुंदराने नाकाला पदर लावला. "नको बाबा, आज त्याचा वासही सोसवत नाही. कालच वाटत होतं हो. आज कोवळी चिंच हवीशी वाटतेय." डोहाळेच ते, कालचे आज थोडेच थांबतात?

केरबाने निमूटपणे झाडावरून चिंच काढून आणली, लेकीच्या हातात ठेवली, आणि ते ताट झाकून गुणाजीकडे गेला.

गुणाजी हंडा ठोकत होता. त्याने वर पाहिलं, ताट हातात घेतलं, वरून पाहिलं, खालून पाहिलं, आणि विचारलं, "आज काय मागायचंय रे?"

केरबाला हसू आलं नाही. त्याचे डोळे भरून आले. "काही नाही. काल विचारायचं राहिलं, ते विचारायला आलोय. रागावलास का माझ्यावर?"

"काल होतो," गुणाजी म्हणाला. "बस. काटे तू काढ, मला जमत नाहीत."

या गोष्टीचं तात्पर्य, मुलांनो, एवढंच: मनात शंका आली तर ती तोंडाने विचारून मोकळं व्हावं, न विचारता डहाळी उपटली, तर आपल्यासाठीच राखलेलं पाणी आपल्याच हाताने गढूळ होतं.